शेतातला प्रयोग कसा मांडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यातला शेतकरी आपल्या रानात सतत काहीतरी करून बघत असतो. नवीन खत, नवीन वाण, छाटणीची वेगळी तारीख, ठिबकच्या दोन नळ्यांतलं वेगळं अंतर. या करून बघण्यातूनच इथली द्राक्षशेती उभी राहिली, त्यामुळे त्याचं मोल मी जाणतो. मात्र काढणी झाल्यावर लोक वजनं घेऊन येतात आणि विचारतात, "फरक खरा आहे का?" तेव्हा बहुतेकदा उत्तर देता येत नाही. ते उत्तर वाफे आखतानाच, लागणीच्या आधी ठरलेलं असतं. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. शेतकरी गटांच्या बैठकांत, कृषी पदविकेच्या वर्गांत आणि विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत ते पुन्हा पुन्हा येतात.

अर्ध्या रानाला औषध मारलं, अर्ध्याला नाही. झाला की प्रयोग?

ही तुलना झाली, पण तिच्यावरून निर्णय देता येत नाही. कृष्णाकाठचं कुठलंही दोन एकर रान घ्या. विहिरीकडची बाजू, पाटाच्या तोंडाची बाजू, बांधावरच्या बाभळीच्या सावलीतली बाजू आणि खालच्या अंगाची, पाणी साचून क्षाराकडे झुकलेली बाजू यांचा उतारा कधीच सारखा येत नाही. औषध न मारताही दोन अर्ध्यांत फरक पडलाच असता. मग शेवटी दिसलेल्या फरकात औषधाचा वाटा किती आणि रानाचा किती?

हे सांगायचं तर सगळं सारखं देऊनही दोन वाफ्यांत किती फरक पडतो, ते आधी कळायला हवं. या नैसर्गिक फरकाला प्रायोगिक त्रुटी म्हणतात. त्यात कुणाचा दोष नसतो. माती, पाणी, बेणं, मोजणारा हात या सगळ्यांतून ती येते. एकीकडे एक आणि दुसरीकडे एक असे दोनच तुकडे असतील तर ही त्रुटी मोजायला जागाच राहत नाही. प्रत्येक उपचाराचे अनेक वाफे असले तरच ती मोजता येते. वाफ्यागणिक आपण मुद्दाम जे बदलतो त्याला उपचार म्हणायचं, मग ते खत असो, औषध असो, वाण असो की लागणीचं अंतर.

कंट्रोल म्हणजे काहीच न देता सोडलेला वाफा ना?

नेहमी नाही. तुलनेचा वाफा कसा असावा हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. "हे नवीन विद्राव्य खत माझ्या नेहमीच्या मात्रेपेक्षा सरस आहे का?" असा प्रश्न असेल, तर तुलनेचा वाफा नेहमीच्या मात्रेचा हवा. तिथे खतच न दिलेला वाफा ठेवला तर नवीन खत जिंकणारच, आणि त्यातून तुमच्या कामाचं काही हाती लागणार नाही. गावोगावच्या डेमो प्लॉटवर ही गोष्ट सर्वांत आधी बघावी: शेजारचा वाफा कशाचा आहे?

फवारणीच्या प्रयोगात तुलनेच्या वाफ्यावर तेवढंच साधं पाणी, त्याच पंपानं, त्याच दिवशी फवारावं. जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानंही पान तरतरीत दिसतं. ते श्रेय औषधाच्या नावावर जाऊ नये.

द्राक्षात मात्र सांभाळून. डावणी या बुरशीच्या रोगाच्या दिवसांत काही ओळी मुद्दाम विनाफवारणी ठेवल्या तर रोग तिथेच थांबत नाही, शेजारच्या ओळींतही शिरतो. त्यामुळे बाग धोक्यात येतेच, शिवाय प्रयोगही बिघडतो. तिथे तुलना प्रचलित औषधाशीच करावी.

गेल्या वर्षीच्या उताऱ्याशी ताडून बघितलं तर चालत नाही का?

नाही. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत कृष्णेला आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना वर्षा-वर्षातला फरक सांगायला नको. पूर नसला तरी पावसाचे खंड, थंडीची सुरुवात, बेण्याचा दर्जा हे सगळं बदलत असतं. तुलना एकाच हंगामात, एकाच रानात, शेजारी शेजारी हवी.

यात एक बारीक फसगतही आहे. आपण औषध कधी वापरतो? बाग सगळ्यात खराब गेली त्याच्या पुढच्या वर्षी. पण अतिशय वाईट वर्षानंतर येणारं वर्ष बहुधा त्याहून बरंच असतं, औषध घ्या अथवा न घ्या. टोकाचं मोजमाप पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतं. शेजारी तुलनेचा वाफा नसेल तर ही सरकण आणि औषधाचा गुण वेगळे करायला काही मार्ग उरत नाही.

चिठ्ठ्या टाकायचं काय कारण? मी नीट विचार करून वाफे वाटून देतो की.

विचार करून वाटले की आवडनिवड आत येते. नवीन खत नकळत चांगल्या वाफ्याला जातं. कुणी "खरी परीक्षा होऊ दे" म्हणून ते मुद्दाम कमजोर वाफ्याला देतं, तोही अन्यायच. एकाआड एक वाटणीही बरी दिसते, पण तिच्यात धोका आहे. पाणी वरून खाली येत असेल किंवा ठिबकचा दाब पुढे कमी होत जात असेल, तर प्रत्येक जोडीत पहिला वाफा दरवेळी वरचढ ठरतो. अशा एकतर्फी कलावर पुनरावृत्ती, म्हणजे एकाच उपचाराचे वाफे, वाढवून काही उपाय होत नाही. पासंग असलेल्या तराजूवर शंभर वेळा तोललं तरी वजन खरं येत नाही.

कुठल्या वाफ्याला काय मिळणार हे नशिबावर सोडणं, म्हणजेच यादृच्छिक वाटणी, याची दोन कामं आहेत. एक, तुम्हाला माहीत असलेले आणि नसलेले सगळे कल कुठल्याही एका उपचाराच्या बाजूनं झुकत नाहीत. दुसरं, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही: निव्वळ योगायोगानं एवढा फरक पडण्याची शक्यता किती, हा हिशोब चिठ्ठ्या टाकल्या असतील तरच प्रामाणिकपणे करता येतो. संख्याशास्त्रातली चाचणी याच चिठ्ठीवर उभी असते.

ही पद्धत शेतातूनच आली आहे. इंग्लंडमध्ये हार्टफर्डशायर परगण्यात रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथे 1843 पासून गव्हाच्या एकाच रानावर खतांचा प्रयोग चालू आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये तिथे आले तेव्हा त्यांच्यापुढे कित्येक दशकांच्या नोंदींचा ढीग होता. वाफ्यांची मांडणीच चुकीची असेल तर नंतर कितीही गणित करून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं. यादृच्छिक वाटणी, पुनरावृत्ती आणि ब्लॉक (रानाचे सारख्या मातीचे पट्टे, पुढच्या प्रश्नात येतातच) ही त्रयी त्यांनी 1926 च्या एका लेखात आणि मग 1935 च्या पुस्तकात मांडली. औषधशास्त्रानं ती उचलली ती नंतर. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत 107 रुग्णांपैकी 55 जणांना औषध आणि विश्रांती, तर 52 जणांना नुसती विश्रांती दिली गेली. कुणाला काय मिळणार ते बंद पाकिटातल्या यादृच्छिक आकड्यांवर ठरलं. ती चाचणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. आज दवाखान्यातलं प्रत्येक नवीन औषध ज्या कसोटीतून जातं, तिचं मूळ गव्हाच्या वाफ्यांत आहे, याचा मला शेतीतला माणूस म्हणून फार अभिमान वाटतो.

कृती साधी आहे. एका ब्लॉकपुरत्या उपचारांच्या चिठ्ठ्या करा, घरातल्या लहान मुलाला काढायला सांगा, निघालेला क्रम वहीत लिहा आणि पुढच्या ब्लॉकसाठी पुन्हा काढा. निघालेला क्रम पसंत पडला नाही म्हणून दुसऱ्यांदा चिठ्ठ्या काढायच्या नाहीत.

ब्लॉक म्हणजे काय? कुठल्या दिशेनं पाडायचे?

रानातला जो कल आपल्याला आधीच माहीत आहे तो चिठ्ठीवर कशाला सोडायचा? त्याची सोय ब्लॉक करतो. सारख्या मातीचा, सारख्या ओलीचा पट्टा म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे उपचार एकेकदा येतात, आणि चिठ्ठ्या त्या ब्लॉकच्या आत टाकायच्या. या मांडणीला यादृच्छिक खंड आराखडा म्हणतात. शेतकऱ्याच्या रानावर दहापैकी नऊ वेळा हीच पुरते असं माझं मत आहे.

दिशेबाबत गोंधळ होतो तो इथे. उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे असेल तर ब्लॉकचे पट्टे पूर्व-पश्चिम, म्हणजे उताराला आडवे पाडायचे. वरचा पट्टा एक ब्लॉक, त्याखालचा दुसरा. ब्लॉकच्या आत जास्तीत जास्त सारखेपणा हवा. एका ब्लॉकपासून दुसऱ्यात कितीही फरक असला तरी चालतो, कारण तुलना नेहमी ब्लॉकच्या आतच होते. पट्टे उताराच्या दिशेनं पाडले तर प्रत्येक ब्लॉकमध्ये एक वाफा कोरडा आणि एक चिंबलेला येतो. मग ब्लॉक पाडून काही मिळवलं असं होत नाही.

रानाचा कल ठाऊक नसेल तर नुकत्याच निघालेल्या पिकाकडे बघा. सोयाबीन कुठे गुडघ्याएवढं आणि कुठे वीतभर होतं, हे मालकाला आठवत असतं. संशोधन केंद्रावर तर कधी कधी सगळ्या रानात एकच वाण एकाच पद्धतीनं घेऊन, छोट्या छोट्या चौकोनांत कापून वजनं करतात आणि रानाचा नकाशाच काढतात.

ब्लॉक मातीपुरतेच नसतात. काढणीला दोन दिवस लागणार असतील तर पहिल्या दिवशी तीन ब्लॉक पूर्ण काढा, दुसऱ्या दिवशी उरलेले तीन. भांगलणीला बायकांच्या दोन टोळ्या असतील तर एका टोळीला पूर्ण ब्लॉक द्या. अर्धा ब्लॉक आज आणि अर्धा उद्या केला, आणि मध्ये वळवाचा पाऊस झाला, तर पावसाचा फरक उपचारांत मिसळतो. दोन कारणं अशी एकमेकांत अडकली आणि सोडवता येईनाशी झाली की त्याला संमिश्रण म्हणतात. प्रयोग वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

पुनरावृत्ती किती घ्यायच्या? तीन पुरतात का?

उपचार दोनच असतील तर तीन नक्कीच पुरत नाहीत. साधा हिशोब मांडू. प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन वाफे आहेत, एकाला नवीन खत, एकाला जुनं, आणि वाटणी नाणं उडवून केली आहे. खतात काहीच फरक नसेल तर कुठल्याही ब्लॉकमध्ये नवीन खत सरस दिसण्याची शक्यता निम्मी. तिन्ही ब्लॉकमध्ये एकच खत जिंकण्याची शक्यता 8 पैकी 2, म्हणजे 25 टक्के. चार ब्लॉक असतील तर 12.5 टक्के, पाच असतील तर 6.25, सहा असतील तर 3.1 टक्के. शास्त्रात साधारणपणे 5 टक्क्यांची रेघ धरतात. म्हणजे निव्वळ जिंकणं-हरणं मोजायचं झालं, तर सहा ब्लॉक झाल्याशिवाय ती रेघ ओलांडताच येत नाही, अगदी सगळे निकाल एका बाजूनं लागले तरी.

वजनांचे प्रत्यक्ष आकडे वापरले तर याहून थोड्या पुनरावृत्तीतही फरक पकडता येतो, आणि उपचार जास्त असतील तर तीन-चार ब्लॉकवरही काम भागतं, कारण त्रुटी मोजायला जास्त वाफे मिळतात. तरी दोन उपचारांसाठी सहा ब्लॉक ही माझी शिफारस आहे. जागा तेवढीच असेल तर मोजकेच मोठे वाफे घेण्यापेक्षा छोटे पण संख्येनं जास्त वाफे घ्या.

एका वाफ्यातली पन्नास झाडं मोजली. मग पन्नास पुनरावृत्ती झाल्या ना?

नाही. उपचार वाफ्याला दिला होता, झाडाला नाही, म्हणून पुनरावृत्ती वाफ्यांची मोजायची. एका वाफ्यातली पन्नास झाडं एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढली. ती एकमेकांची भावंडं आहेत. पन्नास मोजल्यानं त्या एका वाफ्याची सरासरी चांगली कळते, त्यापलीकडे काही नाही. तिला छद्म पुनरावृत्ती म्हणतात, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत ती फार दिसते. उपचार ज्या एककाला स्वतंत्रपणे, चिठ्ठी काढून दिला ते प्रायोगिक एकक, एवढं पक्कं धरा.

वाफ्यातली सगळी झाडं मोजणं शक्य नसतं, तेव्हा पाच-दहा झाडं निवडावी लागतात. तीही यादृच्छिक निवडा. "चांगली दिसणारी पाच" किंवा "वाटेकडची पाच" नकोत.

वाफा केवढा असावा, आणि कडेच्या ओळींचं काय?

सोयाबीन, हळद यांना अर्धा ते एक गुंठा सोयीचा पडतो. ऊस आणि द्राक्षाला जास्त लागतो. कडेच्या ओळींना ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, शिवाय शेजारच्या वाफ्याचं खत मुळांतून, पाण्यातून, वाऱ्यातून येतं. म्हणून चारी बाजूंची एकेक ओळ लावायची सगळी, पण वजनात धरायची नाही. पाटपाण्यावर प्रयोग करत असाल तर एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात उतरू देऊ नका; वरच्या वाफ्याचा युरिया खालच्या वाफ्याला फुकट मिळतो.

मोजायचं काय?

ते लागणीआधी ठरवा आणि एकच मुख्य मोजमाप ठरवा. हळदीत ओल्या गड्ड्यांचं वजन, शिजवून वाळवलेल्या हळकुंडांचं वजन आणि कुरकुमीनचं (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचं) प्रमाण ही तीन वेगळी उत्तरं देऊ शकतात. सांगलीच्या मार्केट यार्डात पैसा वाळलेल्या मालाचा मिळतो, म्हणून मी वाळलेलं वजन मुख्य धरेन आणि बाकीची दोन सोबतीला ठेवेन. नंतर जे बरं दिसलं तेच मुख्य होतं असं जाहीर करणं हा प्रयोग नव्हे.

आम्ही बेदाणा करतो. शेडमध्ये हे सगळं कसं लागू होणार?

फार छान लागू होतं. समजा द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात त्या पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणाच्या चार वेगवेगळ्या मात्रा तपासायच्या आहेत. रॅकचा वरचा कप्पा उन्हाच्या पत्र्याजवळ, खालचा जमिनीजवळ. दोन्हींची वाळण सारखी नसते. शिवाय रॅकच्या एका टोकाला वारा थेट लागतो, दुसरं टोक अडोशाला. म्हणजे कल दोन दिशांनी आहे आणि एकेरी ब्लॉक पुरत नाही.

इथे लॅटिन चौकोन कामाला येतो. चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्याचे चार भाग, असे सोळा चौकोन धरा. चार मात्रा अशा मांडा की प्रत्येक मात्रा प्रत्येक कप्प्यात एकदा आणि प्रत्येक उभ्या भागात एकदाच येईल:

क ख ग घ
ख ग घ क
ग घ क ख
घ क ख ग

मग आडव्या ओळींचा क्रम, उभ्या ओळींचा क्रम आणि कुठल्या अक्षराला कुठली मात्रा हे तिन्ही चिठ्ठ्यांनी ठरवा. आता प्रत्येक मात्रेला वरचं-खालचं आणि वाऱ्याचं-अडोशाचं सारख्याच वाट्यानं मिळालं.

या चौकोनांच्या गणितात भारताचं, आणि आपल्या एका मराठी माणसाचं नाव कायमचं कोरलेलं आहे. असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवले तर अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच यावी, असं 6, 10, 14 या मालिकेतल्या मापांत कधीच जमणार नाही, असा अंदाज स्विस गणितज्ञ ऑयलरनं 1782 मध्ये मांडला होता. 6 बाबत तो बरोबर होता. 1959 मध्ये राजचंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी मिळून दाखवलं की 10 पासून पुढच्या सगळ्या मापांत ते जमतं. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं टिकलेला अंदाज पडला.

बेदाण्याचा रंग डोळ्यांनी ठरतो, म्हणून आणखी एक काळजी. ज्यानं मात्रा तयार केल्या त्यानंच रंगाला गुण दिले तर आवडत्या मात्रेकडे झुकाव येतो, माणूस कितीही सरळ असो. नमुने सारख्या पिशव्यांत भरा, त्यावर फक्त आकडे टाका, आकड्यांची किल्ली तिसऱ्या माणसाकडे ठेवा आणि गुण देणाऱ्याला काही सांगू नका. याला अंध मूल्यांकन म्हणतात. प्रतवारी, चव, वास, रोगाची टक्केवारी, जिथे जिथे अंदाज आहे तिथे हे हवंच.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी असं शाळेत शिकवलं. खत आणि पाणी दोन्ही एकदम तपासता येतं का?

येतं, आणि पुष्कळदा तसंच करावं. दोन खतमात्रा आणि दोन पाणीपद्धती असतील तर चार जोड्या होतात. चारही प्रत्येक ब्लॉकमध्ये ठेवा. याला बहुघटकी प्रयोग म्हणतात. यात प्रत्येक वाफा दोन्ही प्रश्नांना उपयोगी पडतो, शिवाय वेगवेगळ्या प्रयोगांत कधीच न दिसणारी एक गोष्ट दिसते: आंतरक्रिया. जास्त खताचा फायदा ठिबकवर दिसतो पण पाटपाण्यावर दिसत नाही, असं निघालं तर "जास्त खत चांगलं का?" याला एक उत्तर नाही, दोन आहेत. उसाच्या रानात हा फरक लाखाच्या हिशोबात जातो.

प्रत्येक छोट्या वाफ्याला पाणी वेगळं देणं अवघड असेल तर पाण्यासाठी मोठे वाफे पाडून त्यांच्या आत खताचे छोटे वाफे करतात. हा विभाजित वाफा आराखडा. त्यात खताचं उत्तर जास्त नेमकं मिळतं आणि पाण्याचं कमी. त्याचं गणित वेगळं आहे, ते जाणकाराकडून करून घ्या.

निकाल आला. फरक सार्थक आहे की नाही, हे कसं कळतं?

सार्थक म्हणजे निव्वळ योगायोगानं सहसा पडणार नाही एवढा फरक. कल्पित आकड्यांवर एक उदाहरण करू. सोयाबीन, सहा ब्लॉक, एक गुंठ्याचे वाफे. टॉनिक मारलेल्या वाफ्यांचा उतारा किलोत 24, 21, 26, 19, 23, 25. साध्या पाण्याच्या वाफ्यांचा त्याच क्रमानं 22, 22, 23, 18, 23, 24. ब्लॉकवार फरक येतो 2, उणे 1, 3, 1, 0, 1. सरासरी फरक 1 किलो गुंठ्याला, म्हणजे एकरी 40 किलो. एवढ्यावर जाहिरात छापून येते.

आपण पुढे जाऊ. शून्य गृहीतक असं मांडायचं: टॉनिकचा काही परिणाम नाही. आता फरकांचा विखुरलेपणा बघा. प्रत्येक फरकातून 1 वजा करून वर्ग केले की बेरीज 10 येते. तिला 5 नं भागलं की 2. त्याचं वर्गमूळ सुमारे 1.41, आणि त्याला 6 च्या वर्गमुळानं भागलं की 0.58. ही सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी. 1 ला 0.58 नं भागलं की सुमारे 1.73. सहा जोड्यांसाठी संख्याशास्त्रातल्या टी-चाचणीच्या तक्त्यातला 5 टक्क्यांचा आकडा 2.57 आहे. आपला आकडा त्याच्या आत आहे, म्हणून फरक सार्थक नाही.

याचा अर्थ "टॉनिक निरुपयोगी ठरलं" असा होत नाही. याच आकड्यांतून निघणारी विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा, एकरी 19 किलो तोट्यापासून 99 किलो फायद्यापर्यंत जाते. फायदा असेल, नसेल. या प्रयोगाला ते सांगता आलं नाही. पुढच्या हंगामात ब्लॉक वाढवून पुन्हा घ्या, मग बोला.

उलट बाजूही सांगतो. फरक सार्थक निघाला म्हणजे तो परवडणारा असतो असं नाही. खूप वाफे घेतले तर एकरी 10 किलोचा फरकही सार्थक ठरेल, पण टॉनिकची बाटली आणि फवारणीची मजुरी त्यातून निघणार नाही. सार्थकता गणित सांगतं, परवडणं तुमची खर्चाची वही सांगते. दोन्ही लागतात.

एकदम वीस टॉनिकं तपासून सगळ्यात चांगलं निवडलं तर?

विसांपैकी एकाचाही परिणाम नसला, तरी 5 टक्क्यांच्या रेघेवर निदान एक तरी "सार्थक" दिसण्याची शक्यता 64 टक्के आहे. म्हणून त्यातलं पहिलं आलेलं विजेतं समजू नका, उमेदवार समजा, आणि त्याचा पुढच्या हंगामात स्वतंत्र प्रयोग घ्या.

पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतो. तोही असाच का?

तो नमुना सर्वेक्षण आहे. त्यात कुणाला काही उपचार दिला जात नाही. यादृच्छिक निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून कापतात आणि त्यावरून महसूल मंडळाचा उतारा काढतात. चिठ्ठी दोन्हीकडे असते, पण तिचं काम वेगळं. प्रयोगात ती उपचार वाटते, सर्वेक्षणात शेत निवडते. प्रयोगातून "कशामुळे" याचं उत्तर मिळतं, सर्वेक्षणातून "किती" याचं.

या सर्वेक्षणाची शास्त्रीय पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव अग्रणी आहे. ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म 1911 चा. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी मोठं काम केलं. खटावच्या दुष्काळी भागातून आलेल्या माणसानं जगाला उतारा मोजायला शिकवलं, हे आपल्याकडच्या शाळांत सांगितलं जावं.

सर्वेक्षणातून कारण काढायला गेलं की चुकतं. महागडं खत वापरणाऱ्यांचा उतारा जास्त दिसतो. पण ते वापरणाऱ्याकडे पाणी, भांडवल, स्वतःचा ट्रॅक्टर हेही असतं.

विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांना यातलं किती सांगायचं?

चार गोष्टी. आपण बदलतो तो स्वतंत्र चल, मोजतो तो अवलंबी चल, आणि मुद्दाम सारखे ठेवतो ते नियंत्रित चल. चौथी म्हणजे पुनरावृत्ती. मटकीला मीठपाण्यात मोड येतात का, हे बघायचं असेल तर प्रत्येक मात्रेच्या पाच वाट्या, प्रत्येकीत वीस दाणे, आणि वाट्यांच्या जागा चिठ्ठ्यांनी ठरवलेल्या. क्षारपड जमीन आपल्या जिल्ह्याचं खरं दुखणं आहे, त्यामुळे हा विषय मुलांना घरचाच वाटेल. अपेक्षा आधी लिहून घ्या, आणि निकाल तिच्याविरुद्ध गेला तर तो तसाच तक्त्यावर लावू द्या. परीक्षकांनीही अशा तक्त्याला कमी गुण देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मध्येच एखादा वाफा गेला तर? डुकरं शिरली, पाणी साचलं.

आधी कारण शोधा. डुकरांचा उपचाराशी संबंध नाही. तिथे तो वाफा गहाळ धरून बाकीच्यांवर हिशोब करता येतो. दोनच उपचार असतील तर तो पूर्ण ब्लॉकच सोडून द्यावा. ओढ्याकाठचा सगळा ब्लॉक पाण्याखाली गेला तर तोही सोडा. उरलेल्या पाच ब्लॉकमधली तुलना शाबूत राहते.

मात्र वाफा उपचारामुळेच गेला असेल तर तो गाळता येत नाही. नवीन तणनाशकानं सोयाबीन करपलं, जास्त मात्रेच्या वाफ्यात हळदीचे कंद कुजले, तर त्या वाफ्याचं जे वजन येईल, अगदी शून्य आलं तरी, तेच हिशोबात धरायचं. कुठला वाफा कधी, कशानं गेला हे त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा आणि शेजारच्या वाफ्यांचा फोटो काढून ठेवा. काढणीनंतर आठवणीवरून कारण लिहिलं तर ते आपल्या सोयीचं होतं.